उन्हाचे बत्तासे

लोंढे बाईंचं नाव मी आधी लिहून टाकतो. घरातल्या माणसांचं ऋण धरून चाललेलं असतं. पण घराबाहेरच्या एका माणसामुळे मी पुस्तकाला लागलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, आणि त्याच माणसाने एका दुपारी आमच्या घरात बसून स्वतःचा शब्द गहाण ठेवला. ते माणूस म्हणजे महाळुंग्याच्या अलीकडे आमची जी वाडी आहे, तिथल्या शाळेतल्या लोंढे बाई.

गेल्या महिन्यात शाळेची जुनी खोली पाडायला घेतली. तिथे स्लॅबची इमारत होणार आहे, ही आनंदाचीच गोष्ट. रविवारी मी आणि माझी धाकटी बहीण रोहिणी बघायला गेलो. अर्ध्या खोलीवरचे पत्रे उतरवून भिंतीला टेकवून ठेवले होते, अर्ध्यावरचे अजून जागेवर होते. बाकं नव्हती, फळा नव्हता, नुसती रिकामी फरशी होती आणि खडूचा तो जुना वास, जो भिंतीत मुरलेला असतो. उरलेल्या छपराखाली आम्ही उभे राहिलो. फरशीवर उजेडाचे गोल ठिपके पडले होते, कुठे एकटे, कुठे जोडीने, एक तर माझ्या बुटावरच.

"दादा, बत्तासे," रोहिणी म्हणाली. तिने खाली बसून एक तळहातावर घेतला.

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या हातावरच्या त्या ठिपक्याशी तिचं किती जुनं नातं आहे, ते तिला ऐकून माहीत आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचं घरही तेव्हा पत्र्याचंच होतं. वडिलांनी आणि चुलत्यांनी मिळून ते बांधलं, तेव्हा पत्रा चाकणच्या भंगारवाल्याकडून आणला. कुठल्यातरी कंपनीच्या मोडलेल्या शेडचा तो पत्रा. त्याच्या अंगावर आधीच्या जन्मातली खिळ्यांची भोकं होती. पावसाच्या तोंडावर चुलते वर चढून भोकांवर डांबर थापायचे. पुढे ऊन-पावसाने ते डांबर फुटायचं, आणि दिवाळीच्या सुमाराला घरात पुन्हा बत्तासे पडू लागायचे. हे नाव आईने दिलेलं. यात्रेत गाडीवर परातीत रचून ठेवलेले असतात ना, तसेच पांढरे, तेवढेच मोठे. फक्त उचलता यायचे नाहीत.

सकाळी पत्रा तापायला लागला की वर टक् टक् आवाज व्हायचा, जणू कुणी चोचीने ठोकतंय. तो आवाज म्हणजे घराचं जागं होणं. मग धुराच्या आणि सारवलेल्या जमिनीच्या वासात उजेडाच्या तिरक्या काठ्या उभ्या राहायच्या आणि त्यांच्यात धुळीचे कण सावकाश फिरायचे. वडील फोर्जिंगच्या कंपनीत कामाला. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे. त्यांच्या शर्टाला तापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास असायचा, तो धुतल्यानेही जायचा नाही. झोपेत बत्तासा सरकत सरकत त्यांच्या डोळ्यावर आला की आई हातातलं काम टाकून सुपाचा आडोसा धरायची. तो पुढे सरकून जाईपर्यंत ती तशीच उभी राहायची, हलायची नाही. लहानपणाचं एकच चित्र ठेवायला सांगितलं तर मी ते ठेवीन.

ऋतू बदलतील तसे बत्तासे जागा बदलायचे. वैशाखात भरदुपारी ते भोकाच्या बरोब्बर खाली, गोल गरगरीत. पुढे थंडी येईल तसे उत्तरेकडे सरकायचे आणि जरा लांबट व्हायचे. मार्गशीर्षात देवांच्या फळीखाली पोचायचे. तिथून पुढे जायचे नाहीत, चार दिवस घुटमळायचे आणि मागे फिरायचे. आई म्हणायची, "देवाच्या पाया पडून माघारी निगाले बघ." शेंगा फोडणं, कांद्याची रोपं, भोगीची भाजी या सगळ्याचा अंदाज तिला जमिनीवर बघून यायचा.

अशा घरातून मी शाळेत जायचो आणि तिथेही तेच बत्तासे. म्हणून वर्गात माझी नजर कायम खाली. आधीच्या गुरुजींनी त्याबद्दल मला पुष्कळ धपाटे घातले होते.

लोंढे बाई लातूरकडच्या. वर्गात आल्या आणि पहिल्याच वाक्याला आम्ही खिदळलो. "काय करायलाव रे लेकरांनो?" अशी त्यांची बोली. मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांना "काय खायलास?", "कुठं पळायलास?" असं चिडवत राहिलो. बाईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "हसा की. तुमचं व्हय-न्हाई ऐकून आमच्याकडं पण लोक हसतेत."

एके दिवशी गणित सांगता सांगता थांबल्या. "तू खाली काय बघायलास?"

मी उभा राहिलो. "बत्तासा, बाई."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. जवळ आल्या, फरशीवर बघितलं, मग वर पत्र्याकडे. "वरचं भोक कसं आहे सांग."

भोक फाटकं होतं. खिळा उपटताना पत्रा चिरला असावा. "वाकडंतिकडं, बाई."

"आन खाली?"

"गोल."

"मग हा गोल आला कुठून?"

 उत्तर बाईंनी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुठ्ठा घेऊन आल्या. त्यात कात्रीच्या टोकाने एक बारीक तिकोनी भोक, एक चौकोनी, एक नुसतं ओरखड्यासारखं. शिडी लावून खिडकीच्या वरच्या झरोक्यात पुठ्ठा बसवला, आणि समोरच्या भिंतीवर तीन ठिपके उमटले. तिन्ही गोल.

"हा भोकाचा आकार नाही," बाई म्हणाल्या. "हा सूर्याचा फोटो आहे. सूर्य गोल म्हणून हा गोल. तुमच्या घरात रोज सूर्याचे फोटो पडायलेत आन तुम्ही त्याच्यावर पाय देऊन चाललाव."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी बत्ताशांवर पाय द्यायचं सोडलं. आठवडाभर उड्या मारत चालायचो. मोठी आई म्हणाली, "ह्याच्या पायाला काय चावलं?" मोठी आई म्हणजे माझी चुलती, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. घर तिच्या शब्दावर चालायचं.

बाईंनी पुढे त्या बत्ताशांवरच अर्धं विज्ञान शिकवलं. फरशीवरच्या ठिपक्याभोवती खडूने गोल आखायचा आणि सगळ्यांनी पाढे म्हणायचे. दोन-तीन पाढे होईपर्यंत बत्तासा खडूच्या गोलाबाहेर पडलेला असायचा.

"कोण हललं?" बाई विचारायच्या.

"सूर्य!"

"सूर्य कशाला हलतोय. शाळा हलली. तुमची अख्खी वाडी पळायलीय, कंपन्यांसकट. बाकाला धरून बसा."

आणि खरंच दोघं-तिघं बाकाला धरून बसायचे.

आमच्याकडे तेव्हाच रात्रीचं आभाळ पुसट झालं होतं. चहूबाजूंनी कंपन्यांचे दिवे, चाकणच्या अंगाला आभाळ कायम शेंदरी. पुस्तकातल्या तारकापुंजांची चित्रं बघून एका मुलीने तक्रार केली, "बाई, आमच्याकडं एवढे तारे दिसतच न्हाईत." बाई म्हणाल्या, "मग दिवसा बघायचा. सूर्य पण ताराच आहे. बाकीचे फार लांब म्हणून टिकलीएवढे, हा जवळचा म्हणून एवढा. सगळ्यात जवळचा तारा रोज तुमच्या शाळेत येतोय, पत्रा फोडून येतोय. आन तुम्ही रडायलाव." मग त्या म्हणाल्या, "असे तारे आपल्या आकाशगंगेतच मोजून संपायचे नाहीत. आन तशा आकाशगंगा पण मोजून संपायच्या नाहीत. त्यातल्या कुठल्या ताऱ्याचा बत्तासा कुणाच्या घरात पडत असेल का, ते मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही. मलाबी नाही." शिकवणाऱ्या माणसाने "मला ठाऊक नाही" असं इतक्या आनंदाने म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

वडिलांना मी हे सगळं सांगायचो. लालसर तारे त्यातल्या त्यात थंड आणि निळे-पांढरे जास्त तापलेले, हे सांगितल्यावर ते जेवता जेवता म्हणाले, "बरोबरच हाय की. लोखंडाचं पण तसंच. पांढरं झालं की जवळ जाऊ वाटत न्हाई." मला आमचं घर आणि ते सगळं आभाळ एकाच भट्टीतलं वाटलं.

त्या वर्षी आई गरोदर होती. माझ्या पाठीवर तिची दोन लेकरं राहिली नव्हती. कारणं कुणाला कळली नव्हती, म्हणून घरात सगळ्याच गोष्टींची भीती होती. आईने हात वर करून दोरीवर कपडे टाकायचे नाहीत. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचं नाही. आमच्या घरात पाऊल वाजलं तरी मोठी आई "हळू" म्हणायची.  आई कधी कधी काम करता करता थांबून पोटावर हात ठेवायची, आतलं ऐकल्यासारखी.

आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण आलं. करिदिन, त्यात अमावास्या, त्यात भरदुपारचं सूर्यग्रहण. मोठ्या आईच्या हिशेबात यापेक्षा वाईट दिवस असूच शकत नव्हता.

संक्रांतीला संध्याकाळी बाई आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या. ओसरीत बायका दाटीने बसलेल्या, सुगडांतल्या बोरांचा आणि ओल्या हरभऱ्याचा वास, तिळाचा खमंगपणा. मोठ्या आईने बाईंच्या हातावर वाण ठेवलं आणि तिळगुळाबरोबरच सांगून टाकलं, "बाई, उद्याच्याला पोरगं शाळेत यायचं न्हाई. ग्रहाण हाय. आन त्याच्या डोक्यात आणखी काय भरवू नका."

"बरं," बाई म्हणाल्या. "सुनंदाताई कुठं बसणार उद्या?" सुनंदा म्हणजे माझी आई.

"मधल्या खोलीत. खिडक्याला गोधड्या बांधणार. उजेडाचा टिपूस आत येऊ द्यायची न्हाई मी."

बाईंनी वर बघितलं. पत्र्याकडे. मीही बघितलं. मला एकदम कळलं की उद्या काय होणार. बाईंच्या तोंडावरूनही कळलं की त्यांना ते माझ्याआधी कळलं आहे. त्या तिळगुळ तोंडात धरून तशाच बसल्या. 

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीच गेलं नाही. घरात चुलीवर तवा नाही, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं. मोठ्या आईने खिडक्यांना गोधड्या बांधल्या, दाराच्या फटीत पोती कोंबली. आईला भिंतीला टेकवून बसवलं. हलायचं नाही, कापायचं नाही, घडी घालायची नाही, नाहीतर बाळाच्या ओठाला, कानाला खोट येते; हात मांडीवर. वडील आणि चुलते कामावर. घरात आम्ही तिघं आणि तो अंधार.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. लोंढे बाई.

"तुमी? आन ह्या वक्ताला?"

"अजून लागायचं आहे, वहिनी. सुनंदाताईला एकटीला करमायचं नाही म्हटलं. येऊ का आत?"

दारात आलेल्या बाईमाणसाला नको म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मोठी आई बाजूला झाली. बाई आईच्या शेजारी खाली बसल्या, मांडी घालून, जणू रोजच्याच येणाऱ्या. आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"सुनंदाताई, हे खाली बत्तासे दिसायलेत ना, थोड्या वेळानं ह्यांचा कडेचा तुकडा कुरतडल्यासारखा जाईल. मग निम्मे होतील. घाबरायचं नाही. परत भरतील. म्हणून आधी सांगायला आले."

खोली अंधारी केल्यामुळे बत्तासे कधी नव्हे इतके उजळ दिसत होते. मोठ्या आईने ग्रहण बाहेर ठेवायला जो अंधार बांधला, त्यातच ते रेखीव उतरणार होतं. जमिनीवर, भिंतीवर, आणि दोन-तीन थेट आईच्या पदरावर, पोटावर.

मोठ्या आईला समजायला क्षणभर लागला. मग ती ताडकन उठली. "शिडी आन रे. बोळे घालते भोकांत."

"मोठी आई, बाहेर जावं लागंल वर चढायला," मी म्हणालो.

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. ग्रहणात घराबाहेर पडायचं नाही, हा नियम तिचाच. आतून हात पुरत नव्हता. आईला दुसऱ्या खोलीत हलवावं तर तिथेही तोच पत्रा. ती परत आली, आईच्या समोर आडवी उभी राहिली, स्वतःच्या पाठीवर ते ठिपके घेऊन. पण एकीच्या पाठीवर किती मावणार. एक चुकवला की दुसरा आईच्या पदरावर.

पहिला घास पडला. गोल ठिपक्याची कड खाल्ल्यासारखी झाली, सगळ्या ठिपक्यांची एकदम, एकाच बाजूने. आईने माझा हात घट्ट धरला. तिचे हात गार होते.

"वहिनी, बसा," बाई हळूच म्हणाल्या. "हे ऊन रोजचंच आहे. रोज हिच्या अंगावर हेच पडतंय, ही स्वयंपाक करताना पडतंय, निजल्यावर पडतंय. तवा तुम्ही कधी आडव्या आलाव का? आज त्यातलं निम्मं कमी पडायलंय, एवढंच. चंद्र मधी आलाय. जास्त काहीच पडत नाही."

मोठी आई उभीच. "तुमाला काय जातंय बोलायला. हिची दोन गेलीत."

"ठाऊक आहे. म्हणून तर आले."

"तुमची लेकरं किती?"

"एक. तो पोटात होता तवा असंच ग्रहण लागलं होतं. मला कुणी सांगितलं नाही, मी आपली कांदा चिरत बसले. पोरगं चांगलं आहे. फक्त जेवताना दोन-दोन कांदे खातंय."

आई हसली. कितीतरी दिवसांनी. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मोठी आई तिच्याकडे बघत राहिली, आणि मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

"बाई," ती म्हणाली, "काय वंगाळ झालं तर मी तुमच्या दारात येऊन बसंन. समद्या गावाच्या म्होरं."

"या," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "शब्द देते, वहिनी. ह्या उजेडानं लेकराला काही व्हायचं नाही. बाळंतपणाचं मला कळत नाही, ते डॉक्टरीणबाईला विचारा. पण उजेडाचं मला कळतं."

 पत्र्याचा टक् टक् आवाज थांबला होता, पत्रा निवत होता. भरदुपारी खोलीत संध्याकाळचा गारवा उतरला. बाहेर एकही माणूस बोलत नव्हतं, फक्त लांबून कंपनीच्या मशिनीचा ठोका यायचा. आणि जमिनीवर सगळीकडे अर्धे अर्धे सूर्य.

"करंज्या," आई म्हणाली. "बघा ना जाऊबाई. बत्ताशाच्या करंज्या झाल्यात."

मोठ्या आईने वाकून बघितलं. खरोखर करंज्याच होत्या, कडा धारदार, पोट फुगीर. सारवलेल्या जमिनीवर कुणी तळून मांडून ठेवाव्यात तशा. तिने जरा थांबून तळहात पुढे केला, गोंदण असलेला तो खरबरीत हात, आणि आईच्या पोटावर पडणारी एक करंजी स्वतःच्या हातावर घेतली. ती सरकेल तसा हात सरकवत राहिली. बाई तिला सांगत होत्या की हा उजेड सूर्यावरून निघाल्याला आठ मिनिटं झाली, एवढा पळत येऊनही. मोठी आई म्हणाली, "एवढ्या लांबून आन आमच्याच घरात?" त्यात तक्रार नव्हती.

मग करंज्या भरत गेल्या. वाडीतून "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी आली. गोल पुन्हा गोल झाले. मोठ्या आईने सगळ्यांना अंघोळीला लावलं, चूल पेटवली, आणि पहिली भाकरी बाईंना वाढली.

पण शब्द शब्द होता. पुढचे सगळे दिवस त्या शब्दाच्या सावलीत गेले. दवाखान्याला जाताना बाई वाटेत दिसल्या की मोठी आई थांबायची. "बाई, ध्यानात हाय न्हवं?" "आहे, वहिनी." दर आठवड्याला बाई शाळा सुटल्यावर आईला बघून जायच्या. वर्गात त्या पूर्वीसारख्याच हसत शिकवायच्या, पण मी एक दिवस गैरहजर राहिलो तर दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधीच विचारायच्या, "आई बरी आहे ना?" तेव्हा त्यांच्या हातातला खडू थांबलेला असायचा. त्या परक्या गावात एकट्या राहत होत्या. आमच्या वाडीत एकाने तोंड फिरवलं की सगळी वाडी फिरवते, हे त्यांना माहीत नसेल असं नाही.

शिमगा झाला. पाडव्याच्या तोंडावर चाकणच्या दवाखान्यात रोहिणी झाली.

मोठ्या आईने दुपटं उलगडलं. आधी ओठ बघितले, मग कान, मग हाताची बोटं, पायाची बोटं, पुन्हा ओठ. दुपटं परत गुंडाळलं, आईच्या कपाळावरून हात फिरवला आणि बाहेर पडली. हलवायाकडून जिलबी घेऊन, सहा आसनी रिक्षात बसून ती तशीच शाळेवर आली. आमचा इतिहासाचा तास चालू होता. वर्गाच्या दारात चपला काढून ती आत आली.

"बाई, घ्या. लेक हाय. व्हट नीट हायेत."

बाईंनी जिलबी घेतली. मग फळ्याकडे तोंड केलं आणि आधीच पुसलेला फळा बराच वेळ पुसत राहिल्या. वळल्या तेव्हा विचारलं, "मग वहिनी, फिटला का माझा शब्द?"

"थांबा की," मोठी आई म्हणाली. "मोठी तर होऊ द्या तिला."

वर्ग हसला. बाईही हसल्या. मोठी आई हसली नाही. ती खरंच म्हणत होती.

वडिलांना बहीण नाही. बारशाला आत्या कोण, हा प्रश्न मोठ्या आईनेच सोडवला. निरोप धाडला, "बाईंना म्हणावं, उजेडाचं तुमाला कळतं, तर नाव पण तुमीच ठेवा." बाईंनी पाळण्यात तोंड घालून रोहिणी म्हटलं. कंपन्यांच्या दिव्यांतूनही आमच्याकडे जे मोजके तारे दिसतात त्यातला तो एक, तांबूस, थंडीत डोक्यावर येणारा. नाव ठेवताना आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायची रीत आहे. मोठ्या आईने इतक्या मनापासून घातल्या की बाई "अगं माय" म्हणून वाकल्या.

पुढे दोन-तीन वर्षांनी बाईंची बदली त्यांच्या जिल्ह्यात झाली. जाताना मला म्हणाल्या, "फोन करू नको. पत्र लिहीत जा. तुझं शुद्धलेखन कच्चं आहे, मला तपासता येईल." त्यांच्या शिकवण्याच्या बळावर मी राजगुरुनगरला कॉलेजात गेलो. पदवीच्या दिवशी वडिलांनी तो कागद हात धुऊन, पुसून मग घेतला.

आता मी चाकणमध्ये एका कंपनीच्या तपासणी विभागात आहे. आमच्या शेडचं छप्पर फार उंच. छप्पर जितकं उंच तितका खाली पडणारा सूर्य मोठा, म्हणून तिथे बोल्टच्या भोकातून उतरतो तो बत्ताशाएवढा नसतो, छोट्या ताटलीएवढा असतो. दुपारच्या सुट्टीत मी त्याच्याजवळ उभा राहतो. परवा एका मित्राने हटकलं, "राव, खाली काय बघतोय?"

"सूर्य."

"भावा, तो वर असतोय."

मी त्याला पुठ्ठा, भोक, सगळं सांगितलं. सांगताना माझ्या तोंडून "काय बघायलास" असं निघून गेलं, आणि मी एकटाच हसलो.

त्या रविवारी शाळेतून परतताना मी मजुरांना सांगून भोकाचा एक पत्रा मागून घेतला. रोहिणीने आणि मी तो डोक्यावर धरून वाडीतून घरी आणला. लोक बघत होते. आणि या आठवड्यात, एक गोष्ट घडल्यावर, मी बाईंना पत्र टाकलं. ते असं.

तीर्थस्वरूप लोंढे बाईंना साष्टांग नमस्कार.

शुद्धलेखन तपासून घ्यावे. चुका असतील त्या कळवाव्यात, म्हणजे तुमचं उत्तर येईल.

इकडे सगळे ठीक. आपली जुनी खोली पाडली, हे तुमच्या कानावर आलं असेल. वाईट वाटून घेऊ नका, नवीन खोल्या चांगल्या होत आहेत. पण त्यांना स्लॅब आहे, तेव्हा सूर्याला आता खिडकीतून यावं लागेल. आपल्या छपराचा एक पत्रा मी आणला आहे. आमच्या घरालाही स्लॅब पडला, म्हणून तो पत्रा मागच्या ओट्यावर छप्पर म्हणून टाकला. मोठी आई दुपारची तिथेच बसते. पावसाळ्यात गळेल म्हणून वडील भोकं बुजवायला निघाले होते, तिने शिडी काढून घेतली.

काल रोहिणीचा दहावीचा निकाल लागला. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. राजगुरुनगरला विज्ञान शाखेला जाणार म्हणते. घरात आमच्या आईने सगळ्यात आधी तुमची आठवण काढली आणि मग ती रडली, पण ते आनंदाचं. संध्याकाळी वडील जिलबी घेऊन आले.

जिलबी खाताना मोठ्या आईने रोहिणीला जवळ बोलावलं. मोठ्या आईला आता नीट दिसत नाही. तिने हाताने चाचपून तिचं तोंड बघितलं, ओठ, कान, मग दोन्ही हातांची बोटं. रोहिणी म्हणाली, "काय शोधतीयास गं?"  आज दुपारी मोठ्या आईने मला ओट्यावर बोलावलं आणि म्हणाली, "बाईंना लिही. म्हणावं, लेक मोठी झाली. तुमचा शबुद फिटला. आता तुमी मोकळ्या."

मी तिला म्हणालो, अगं, बाई हे कधीच विसरल्या असतील. ती म्हणाली, "त्या न्हाई इसरायच्या. मी इसरले का?"

आत्याचा मान म्हणून तिने एक लुगडं घेऊन ठेवलं आहे. ते पोस्टाने पाठवायचं नाही, तुम्ही येऊन न्यायचं, असं तिचं म्हणणं आहे. पाठीची काळजी करू नये, हातात आता तेवढा जोर नाही, असंही तिने सांगितलं आहे.

हे मी तिच्याजवळ बसूनच लिहितो आहे. सुरुवात केली तेव्हा एक बत्तासा तिच्या पदरावर होता. पत्र लिहिता लिहिता आपली वाडी पुढे पळाली असणार, कारण तो आता सरकत माझ्या कागदावर आला आहे. बरोबर याच ओळीवर. तो पुढे जायच्या आत सही करतो.

तुमचा विद्यार्थी